मापनाचे अंतर : तीन मीटर की दहा मीटर?

संगणक, मोडेम, दिव्यांचे विद्युत संच यांसारखी उपकरणे चालू असताना नको असलेल्या रेडिओ लहरी बाहेर टाकीत असतात. शेजाऱ्याच्या रेडिओवर त्यामुळे होणारी खरखर ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत 'बाह्य परिणाम' या सदरात मोडते. तिची किंमत उत्पादकाच्या हिशेबात येत नाही, ती शेजारी मोजतो. रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनवर लिहिलेल्या लेखात लहरींच्या अशा परस्पर व्यत्ययाचा विचार मालमत्तेच्या हक्काच्या अंगाने केला होता. व्यवहारात मात्र जगाने मर्यादा ठरविण्याचा मार्ग पत्करला. मर्यादा आली की मोजणी आली आणि मोजणी कुठून करायची हा प्रश्नही आला.

१९३४ पासून कार्यरत असलेल्या 'सिस्पर' या आंतरराष्ट्रीय समितीच्या मानकांत घरगुती वापराच्या, म्हणजे 'ब' वर्गाच्या उपकरणांसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १० मीटरवर ३० डेसिबल (दर मीटरला एक मायक्रोव्होल्ट हे शून्य मानून) ही मर्यादा आहे. ३ मीटरवर ती ४० डेसिबल धरतात. दहा मीटरचा आकडा हवेतून आलेला नाही. वस्तीत उपकरणापासून तेवढ्या अंतराच्या आत कुणाचा तरी रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संच असणार, असे त्यामागे गृहीत आहे.

तरीही बहुतेक लहान उद्योजकांना ३ मीटरच परवडते. १० मीटरच्या मोजणीसाठी लहरी शोषणाऱ्या अस्तराचा फार मोठा बंदिस्त कक्ष लागतो. उघड्या मैदानावर मोजावे, तर शहरातील एफएम केंद्रे आणि मोबाइलचे मनोरे यांच्या गोंगाटात उपकरणाचा क्षीण संकेत हरवतो. जवळून मोजल्यास तो बळकट मिळतो.

दोन मर्यादांमधील १० डेसिबलचा फरक 'क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते' या नियमातून येतो. अचूक उत्तर १०.५ आहे. पण चाचणीस्थळी जमिनीवर धातूचा पत्रा असतो आणि त्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते. अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वरखाली करून कमाल मूल्य टिपायचे ते याचसाठी. जमिनीपासून १ मीटर उंचीवरील उगमासाठी ३० मेगाहर्ट्झला, प्रमाणित स्थळाच्या सैद्धांतिक मूल्यांनुसार, ३ आणि १० मीटरमधील घट क्षैतिज ध्रुवीकरणात सुमारे १४ डेसिबल, तर ऊर्ध्व ध्रुवीकरणात सुमारे साडेआठ डेसिबल असते. म्हणजे १० मीटरवर काठावर उत्तीर्ण होणारे उपकरण आडव्या लहरी सोडत असेल तर ३ मीटरवर नापास ठरेल. उलट उभ्या लहरींचे, १० मीटरवर एखादा डेसिबल जास्त भरणारे उपकरण ३ मीटरवर सुटेल. निर्दोष उत्पादकाला दंड आणि सदोष मालाला परवाना, अशा दोन्ही चुका एकाच सोयीतून संभवतात.

आकारमानाचाही प्रश्न आहे. ३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १० मीटर असते. तिला ६.२८ने भागले की १.६ मीटर येतात, आणि त्याहून जवळ साधा नियम लागू पडत नाही. दोन मीटर उंचीचे कपाट ३ मीटरवरून मोजताना त्याचा माथा आणि पाया अँटेनापासून सारख्या अंतरावर राहत नाहीत. म्हणूनच 'सिस्पर ३२' या मानकात ३ मीटरची मोजणी १.२ मीटर व्यासाच्या आणि १.५ मीटर उंचीच्या आत मावणाऱ्या उपकरणांपुरती ठेवली आहे. अंतर धरायचे ते केबलींसह सारी मांडणी सामावून घेणाऱ्या काल्पनिक वर्तुळाच्या कडेपासून. पुष्कळ मतभेद या एका तपशिलाकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतात.

आपल्याकडे दूरसंचार उपकरणांचे सक्तीचे परीक्षण व प्रमाणीकरण १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. चाचणीत अपयश आले तर लहान उत्पादकाला कवच, फेराइट, नवा आराखडा आणि पुन्हा प्रयोगशाळेचे शुल्क असा चौपदरी भार सोसावा लागतो. माझ्या मते विकासाच्या टप्प्यावर ३ मीटरवरच मोजावे, पण मर्यादेखाली ६ डेसिबलची मोकळीक ठेवावी. निकाल काठावर आला तर तो १० मीटरवर पडताळता यावा. त्यासाठी लागणारे मोठे कक्ष सार्वजनिक पैशातून उभारून सामाईक वापरास खुले करावेत. हा खर्च एकेका कारखान्यावर टाकण्यात शहाणपण नाही. आणि अहवालात डेसिबलच्या आकड्याशेजारी अंतर व ध्रुवीकरण नोंदविलेले नसेल, तर खरेदीदाराने तो अहवाल परत पाठवावा.