चाकावरील प्लॅस्टिकची कमान : बसविण्याची व उजळविण्याची रीत

व्यापार म्हटला की पेढीवर बसणे जितके आले, तितकेच वखारीकडे, खरेदीस आणि घाटापलीकडील गिऱ्हाइकाकडे जाणेही आले. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या किंवा खानापूरकडील आडवाटांनी हिंडणाऱ्या आमच्या बंधूंकडे म्हणूनच पुष्कळदा जीप अथवा त्या वळणाचे एखादे वाहन आढळते. त्याच्या चाकांवर पत्र्याबाहेर आलेली जी काळी प्लॅस्टिकची कमान असते, तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. ती केवळ शोभेसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. आमचाही तोच होता. आणि त्याची किंमत आम्हांस मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुंद टायर घेतल्यावर आम्ही एका गॅरेजात अशा कमानी बसवून घेतल्या. काम तासाभरात उरकले आणि बाहेरून देखणेही दिसले. दोन पावसाळ्यांनंतर एक कमान सैल वाटली म्हणून सोडवून पाहिली, तो आतून ओंजळभर वाळला चिखल निघाला. पत्र्यास पाडलेल्या प्रत्येक छिद्राभोवती गंज धरला होता; बोटाने दाबताच पत्रा पापडासारखा मोडला. कमानींचा खर्च बाजूलाच राहिला, पत्रा कापून नवा जोडण्याचा खर्च मात्र पदरात पडला.

टायर पत्र्याबाहेर आला की तो चिखल व खडी मागे आणि वर उडवितो. कमान ती अडविते. परंतु अडविलेला चिखल तिच्याच आड साचला, तर रक्षकच भक्षक होतो. यासाठी बसविण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे.

प्रथम कमान चिकटपट्टीने तात्पुरती लावावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून व वाहनात वजन भरून टायर कोठे घासतो काय ते पाहावे आणि मगच छिद्रांच्या खुणा कराव्यात. छिद्र पाडल्यावर त्याची कड कानशीने साफ करून उघड्या लोखंडास जस्तयुक्त प्रायमर व त्यावर रंग लावावा, आणि तो पुरता वाळू द्यावा. आमच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली गेली होती. कमान व पत्रा यांमध्ये रबरी बीडिंग घालावे, म्हणजे रंग घासला जात नाही. खालचे टोक मात्र मोकळे ठेवावे, म्हणजे पाणी वाहून जाते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. एबीएस जातीचे प्लॅस्टिक तापल्यावर लोखंडाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास एक मीटर लांबीची कमान सुमारे ३ ते ४ मिलिमीटर वाढते, पत्रा मात्र अर्धा मिलिमीटरच. म्हणून प्लॅस्टिकमधील छिद्र बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवून रुंद वायसर घालावा. बोल्ट मधून टोकांकडे क्रमाने आवळावेत आणि बेताने आवळावेत. अति आवळलेली कमान उन्हात फुगते किंवा बोल्टापाशी तडकते.

आता उजळविण्याविषयी. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विघटित होतो आणि काळी कमान राखी पडते. पुष्कळ जण त्यावर खोबरेल किंवा डिझेल चोळतात. त्याने घटकाभर तकाकी येते, पण धूळ चिकटते आणि पहिल्याच पावसात सारे वाहून जाते. हीट गनने ऊब दिल्यास रंग पुन्हा गडद दिसतो, परंतु तोही काही काळापुरताच. आणि हात एके जागी थांबला तर कमान वाकडी होते.

टिकाऊ उपाय असा. साबण व ब्रशाने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुरता काढावा. राखीपणा थोडा असल्यास प्लॅस्टिकसाठी मिळणारा संरक्षक लेप पुरतो. फार असल्यास ४०० व नंतर ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासून रंग द्यावा. मात्र पृष्ठभाग दाणेदार असेल तर घासण्याने दाणे जातात, तेथे कागद लावू नये. रंग देण्यापूर्वी कमानीच्या मागे साच्यात उमटलेली अक्षरे वाचावीत. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असल्यास त्यावर रंग सहज धरत नाही. आधी त्याचा खास प्रायमर हवाच. ‘एबीएस’ असल्यास तडा सांधता येतो : तड्याच्या टोकास बारीक छिद्र पाडून तो पुढे जाण्यापासून थोपवावा, त्याच प्लॅस्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून झालेली खळ आतून भरावी. अॅसिटोन ज्वालाग्राही आहे, तेव्हा हे काम उघड्यावर व विस्तवापासून दूर करावे.

कायद्याचेही भान असावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. वाहनाची रुंदी वाढत असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे श्रेयस्कर.

दरवर्षी पावसाळा सरल्यावर पाण्याची नळी आतून फिरवावी आणि निदान एक कमान सोडवून पाहावी. वखारीतील माल मोजताना आपण पुढची थप्पी पाहून समाधान मानीत नाही, मागचे पोतेही हलवून पाहतो. वाहनाच्या बाबतीत आम्ही ते केले नाही, एवढीच आमची चूक. वाचकांनी ती आमच्या खर्चाने शिकून घ्यावी.