मागीलदार मोकळं ठेव

बाय, परवा देवळात तू उंदराच्या कानाशी वाकून बराच वेळ पुटपुटत होतीस. काय मागितलंस ते विचारत नाही. नोकरी मागितली असशील, तर ती मिळाली. सोमवारपासून मुंबईच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आता माझं कानात घे. 34 वर्षं वॉर्डात काढली तुझ्या आत्यानं. सलाईन कसं लावायचं ते तुला कॉलेजात शिकवलंय. मला सांगायचंय ते दाराबद्दल.

आपल्या घराला पुढचं दार आहे, तसं मागीलदार आहे. पुढच्या दाराला आजी रात्री कुलूप लावायची. मागच्याला नुसता अडसर. कुलपाला चावी शोधावी लागते, अडसर अंधारातही हाताला लागतो. त्या दारापुढे कोणी लाकडाची मोळी टाकलीच, तर ती कडाडायची, "वेळ आली तर काय कौलं काढून पळू?" हॉस्पिटलालाही मागीलदार असतं. वर हिरवी पाटी असते, पाटीवर पळणारा माणूस असतो. पाटी कोणी चोरत नाही. दारापुढची जागा मात्र रोज थोडी थोडी चोरीला जाते. आज मोडकी व्हीलचेअर, उद्या सलाईनचे खोके, परवा दोन जुन्या गाद्या.

म्हणून पहिल्या पाळीला गेलीस की आधी ती वाट पायांनी चाल. नकाशा भिंतीवर असतो, पण धुरात भिंत दिसत नाही. तुझ्या टेबलापासून दारापर्यंत किती पावलं, मध्ये किती खाटा, वळण कुठल्या हाताला, ते मोज. दार स्वतः ढकलून बघ. तिथेच थांबू नकोस, जिना पार जमिनीपर्यंत उतर. पुष्कळदा वरचं दार उघडतं आणि खाली जाळीच्या फाटकाला कुलूप असतं, नाहीतर शेवटच्या पायरीला लागून स्कूटर उभ्या असतात. वाट म्हणजे मोकळ्या आभाळाखाली पोचेपर्यंतची वाट.

मी हे शहाणपणानं शिकले नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही), रात्री दोनला स्टरिलायझरमधलं पाणी आटलं आणि आतले रबरी ग्लोव्हज जळायला लागले. ज्वाळा वीतभरसुद्धा नव्हत्या. धूर मात्र काळा, डोळ्यांत मिरची जावी तसा. मागच्या दाराशी धावले तर साखळी आणि कुलूप. का, तर औषधं चोरीला जातात. चावी रखवालदाराकडे, रखवालदार गेटवर, आणि त्याच्या जुडग्यात तीसेक चाव्या, एकीलाही चिठ्ठी नाही. तो एकेक चावी लावून बघत होता तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या रात्री कोणाला काही झालं नाही, ते नशीब. म्हणून सांगते, कुलूप दिसलं की गप्प बसू नकोस. चोर बाहेरून येऊ नये आणि माणूस आतून निघावा, यासाठी आडवी दांडी असलेली दारं मिळतात. आतून दाबलं की उघडतात, बाहेरून उघडत नाहीत. ती मागायची, लेखी.

आता उलटी गोष्ट ऐक. काही दारं बंदच ठेवायची असतात. मार्च-एप्रिलच्या वणव्याआधी तुझा बाबा कलमांच्या बागेभोवतीचं गवत कापून पट्टा मोकळा करतो ना? वणवा त्या पट्ट्याशी अडतो. हॉस्पिटलात दोन भागांच्या मधलं जड, आपोआप मिटणारं दार म्हणजे तोच पट्टा. ते रात्री धाडकन आपटतं, पेशंट जागे होतात, म्हणून आपल्यातलीच कोणीतरी त्याच्या कडीला बँडेज बांधून ते उघडं ठेवते. मीही बांधलंय. ते बँडेज दिसलं की कात्रीनं काप. आपटणाऱ्या दाराला तेल-पाणी करून घे, पण अडकवून ठेवू नकोस.

कारण माणसं ज्वाळेनं मरतात त्याहून जास्त धुरानं मरतात. कोलकात्याच्या ढाकुरियातल्या हॉस्पिटलात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे आग लागली ती तळघरात. गाड्यांच्या जागेत सामान भरलेलं होतं. वरच्या मजल्यांवर आग पोचलीच नाही, पोचला तो धूर, एसीच्या वाटांनी. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. 17 बाळं होती, 7 वाचली, 10 गेली. त्यातलीही बहुतेक गुदमरली होती. वॉर्मरखालचं बाळ रडू शकतं, उठून जाऊ शकत नाही. त्याचे पाय तू आहेस.

तेव्हा वेळ आलीच तर क्रम पाठ ठेव: माणूस, हाक, दार, आग. आगीच्या अगदी जवळचा पेशंट आधी बाजूला. त्याच दमात हाक: घंटेचं बटण दाब, वॉर्डातल्या मामांना, मावशींना, डॉक्टरांना ओरड, कोणीतरी 101 किंवा 112 लावायचा. निघताना त्या खोलीचं दार ओढून घे. आग विझवणं सगळ्यात शेवटी, तेही आग केराच्या डब्याएवढी असेल आणि तुझ्या पाठीशी बाहेरची वाट असेल तरच. लाल सिलिंडरची पिन काढ, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी धर, दांडा दाब, डावी-उजवी फिरव. अर्ध्या मिनिटाच्या आत तो रिकामा होतो. विजेच्या यंत्रावर पाणी ओतायचं नाही, हे तुला सांगायला नको. नातेवाइकांना मात्र सांगावं लागतं.

पेशंट हलवताना एकदम खाली धावू नकोस. आधी त्याच मजल्यावर, त्या मिटणाऱ्या दाराच्या पलीकडे ने. तिथे दम मिळतो. जिना त्यानंतर. लिफ्ट नाहीच. चालता येतं त्यांना हाताला हात धरून एका ओळीत पाठव, पुढे एक माहीतगार. न उठणाऱ्याला उचलायला चार माणसं शोधत बसू नकोस. गादीसकट जमिनीवर घे आणि डोक्याकडून ओढ. चादरीनं ओढलास तरी घसरतो, दोघी पुरतात. धुरात वाकून, गुडघ्यांवर चाल, जमिनीलगत हवा बरी असते. बाहेर गेल्यावर माणसं मोज. म्हणून खाटांची यादी नेहमी हाताशी ठेवायची, कॉम्प्युटरात नव्हे.

ऑक्सिजनचा धडा वेगळा. हवेत तो 21 टक्के असतो. पलंगाभोवती वाढला की साधी चादरही कापरासारखी पेटते. मास्क काढून उशीवर ठेवताना नळ बंद कर. सिलिंडरचा व्हॉल्व्ह कडक झाला म्हणून मामा खोबरेल घेऊन आले तर त्यांचा हात धर, ऑक्सिजनला तेल चालत नाही. मजल्याचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह कॉरिडॉरमध्ये कुठे आहे ते बघून ठेव. तो आपल्या मनानं फिरवायचा नाही, डॉक्टर किंवा इन्चार्ज सांगतील तेव्हाच, आणि त्याआधी व्हेंटिलेटरवरच्याला हातानं दाबायची अँबू बॅग आणि छोटा सिलिंडर हवा. गणपतीत वॉर्डात आरती होते. निरांजन टेबलापाशीच ठेव, खाटांमधून फिरवू नकोस. आपला बाप्पा डोंगराएवढा आहे, एवढ्यावर रागावत नाही.

नाक जागं ठेव. जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि "एसी जुना आहे, येतो तसा" असं कोणी म्हणालं, तर समजुतीनं घेऊ नकोस. विरारला 23 एप्रिल 2021 च्या पहाटे अतिदक्षता विभागात एसीपासून आग लागल्याचं सांगितलं गेलं, 13 पेशंट गेले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात 11 गेले, आणि ती दिवसाउजेडाची वेळ होती. वॉर्डात बघशील: दिवस-रात्र चालणारी यंत्रं, एका बोर्डावर चार प्लग, पडद्यामागे नातेवाइकाचा चार्जर आणि चहाची कॉइल. वास आला की यंत्र बंद, इलेक्ट्रिशियनला फोन, आणि वहीत वेळेसकट नोंद. तोंडी तक्रार सकाळी विरते.

कागदाचंही जाण. आपल्या राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावर. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तपासणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नवी पोरगी म्हणून तुला कोणी ते दाखवणार नाही, तरी इन्चार्ज सिस्टरना गोडीत विचार. विचारणारी आहे एवढं कळलं तरी खोके हलतात. 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सप्ताह सुरू होतो. तेव्हा ड्रिल होईल, सकाळी अकराला, फोटोसकट. त्यात भाग घे. मग एकदा रात्री तीनला, तुम्ही दोघी आणि एक मामा असताना, बोलून बघा: आत्ता लागली तर कोण काय धरणार?

आपल्या इथे काही झालं तर बंब रत्नागिरीहून 25 किलोमीटर येणार. मुंबईत तो लवकर येईल, पण ट्रॅफिक तिथेही आहे आणि पहिली काही मिनिटं तिथेही तुझीच आहेत.

शेवटचं, आणि हेच धरून ठेव. ओव्हर घेताना तू पेशंट मोजशील, सलाईन बघशील, नार्कोटिकच्या कपाटाची चावी हातात घेशील. त्याच फेरीत मागच्या दाराशी जा, ढकल, आणि वहीत एक ओळ लिही: "मागचं दार पाहिलं, उघडतं." पहिले आठ दिवस हसतील. महिन्यानं तुझ्यानंतरची न सांगता लिहील. दाराची काळजी कुणाच्याच कामाच्या यादीत नसते, म्हणून ते बंद होतं. तू ती तुझ्या यादीत घाल.

सुट्टीत आलीस की "जेवलीस का" विचारीन. आणि मग विचारीन, उघडतं ना गो दार?