लोकमत आणि विवाहाचा कायदा : आयर्लंडचें उदाहरण

एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींचा विवाह कायद्यानें मान्य करावा कीं नाहीं, ह्याविषयीं कित्येक देशांत लोकमत अजमावण्यांत आलें आहे. प्रस्तुत पाठांत आम्ही आयर्लंडचें उदाहरण घेतों. कारण लोकमताचें बळ आणि त्याची मर्यादा हीं दोन्ही त्यावरून समजतात.

पहिला मुद्दा : काय घडलें. आयर्लंडांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथॉलिक आहेत. तेथें १९९३ सालापर्यंत पुरुषापुरुषांमधील शरीरसंबंध हा गुन्हा होता. त्या देशाची राज्यघटना मतदारांच्या संमतीवांचून पालटतां येत नाहीं. म्हणून २२ मे २०१५ रोजीं हा प्रश्न मतदारांपुढें ठेवण्यांत आला. १२,०१,६०७ जणांनीं ‘होय’ म्हटलें, ७,३४,३०० जणांनीं ‘नाहीं’ म्हटलें. म्हणजे शेंकडा ६२ विरुद्ध ३८.

दुसरा मुद्दा : लोक कसे बोलले. कॅथॉलिक बिशपांनीं ‘नाहीं’चा पक्ष घेतला होता. उलटपक्षीं, स्वतः कॅथॉलिक असलेल्या माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस ह्या आपल्या समलिंगी पुत्राविषयीं जाहीरपणें बोलल्या. अनेक घरांतील आईबापांनींही तसेंच केलें. दूरचा वाटणारा प्रश्न अशा रीतीनें घरचा झाला. पुढें झालेल्या कायद्यानें कोणत्याही धर्मगुरूवर असे विवाह लावण्याची सक्ती मात्र केली नाहीं.

तिसरा मुद्दा : मताची मर्यादा. त्याच वर्षीं डिसेंबरांत स्लोव्हेनिया देशाच्या मतदारांनीं असाच कायदा सुमारें शेंकडा ६३ मतांनीं फेटाळला. तेव्हां जें आयर्लंडांत न्याय्य, तें स्लोव्हेनियांत अन्याय्य ठरलें काय? तसें नव्हे. मतगणना लोकांचें मन सांगते. न्याय कोठें आहे हें ती सांगत नाहीं. स्लोव्हेनियांत २०२२ सालीं घटना न्यायालयाच्या निर्णयानें अशा विवाहांस मान्यता मिळाली.

आपल्या देशांत १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही मान्यता देण्याचें नाकारून तो विषय कायदेमंडळावर सोंपविला. कायदेमंडळ आपण निवडतों. म्हणून आपल्या मताचा भार आपणांवरच आहे. ज्यांच्या संसाराचा हा प्रश्न आहे, ते संख्येनें थोडे आहेत. परंतु तेही कोणाचे तरी पुत्र व कन्या आहेत. त्यांचें ऐकून न घेतां बनविलेलें मत हें मत नव्हे, तो केवळ पूर्वग्रह होय.

विचारार्थ प्रश्न : १. बहुमत आणि न्याय ह्यांत भेद कोणता? २. आपलें मत आपण कोणाचें ऐकून बनविलें?