अनेक ग्राफिक्स कार्डे आणि प्रोसेसरच्या मार्गिका

संगणकाची खरेदी ही आज कार्यालये, महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांच्या नित्याच्या कामकाजाचा भाग झाली आहे. पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी साधा संगणक पुरेसा असतो. परंतु उपग्रह-छायाचित्रांचे विश्लेषण, चलत्चित्रांची निर्मिती किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करावयाचा झाल्यास एकाच यंत्रात दोन किंवा चार ग्राफिक्स कार्डे बसविण्याचा विचार पुढे येतो. अशा वेळी दरपत्रकात प्रोसेसरच्या ‘मार्गिकां’ची संख्या ठळकपणे दिलेली आढळते. या एका आकड्यापायी यंत्राच्या किमतीत मोठी तफावत पडते. हा वाढीव खर्च केव्हा आवश्यक ठरतो आणि केव्हा अनाठायी, हे सार्वजनिक निधीतून खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे इष्ट होय.

मार्गिका म्हणजे काय?

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्यामधील माहितीची ने-आण ‘पीसीआय एक्स्प्रेस’ या पद्धतीने होते. या रस्त्याच्या प्रत्येक पदरास मार्गिका म्हणतात. २०१० साली निश्चित झालेल्या तिसऱ्या पिढीत एका मार्गिकेतून एका दिशेने दर सेकंदास सुमारे १ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. २०१७ च्या चौथ्या पिढीत हा वेग सुमारे २ गिगाबाइट आणि २०१९ च्या पाचव्या पिढीत सुमारे ४ गिगाबाइट झाला. म्हणजेच पाचव्या पिढीच्या आठ मार्गिका चौथ्या पिढीच्या सोळा मार्गिकांच्या तोडीच्या आहेत. मात्र प्रोसेसर, मदरबोर्ड व कार्ड हे तिन्ही घटक त्याच पिढीचे असले, तरच हा लाभ मिळतो.

सर्वसाधारण प्रोसेसरमध्ये मार्गिका मोजक्याच असतात. एएमडी कंपनीच्या २०२२ मधील ‘रायझन ७०००’ मालिकेतील टेबलावरील संगणकांच्या प्रोसेसरमध्ये एकूण २८ मार्गिका असून, त्यांपैकी ४ मदरबोर्डवरील साहाय्यक चिपसाठी राखून ठेवलेल्या असतात. याउलट, त्याच कंपनीच्या ‘एपिक’ या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये १२८ मार्गिका मिळतात. एक कार्ड पूर्ण क्षमतेने जोडण्यास १६ मार्गिका लागतात. त्यामुळे साध्या यंत्रात दुसरे कार्ड बसविले, की बहुधा दोघांच्या वाट्यास आठ-आठ मार्गिका येतात.

कोठार आवारात असेल तर

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. ग्राफिक्स कार्डास स्वतःची स्मृती असते. एनव्हीडिया कंपनीच्या २०२० मधील ‘आरटीएक्स ३०९०’ या कार्डात २४ गिगाबाइट स्मृती असून, तिच्याशी होणारा व्यवहार दर सेकंदास ९३६ गिगाबाइट इतक्या वेगाने चालतो. चौथ्या पिढीच्या सोळा मार्गिकांचा वेग मात्र सुमारे ३१.५ गिगाबाइट, म्हणजे त्याच्या तिसाव्या हिश्शाइतकाच आहे. कारखान्याच्या आवारातच कच्च्या मालाचे कोठार भरलेले असेल, तर बाहेरचा रस्ता दुपदरी आहे की चौपदरी, याने उत्पादनात फरक पडत नाही. माल घटकेघटकेस बाहेरून आणावा लागत असेल, तर मात्र सर्व काही रस्त्यावरच अवलंबून राहते. मार्गिकांच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे.

तीन प्रकारची कामे

पहिल्या प्रकारात प्रत्येक कार्ड आपापले काम स्वतंत्रपणे करते. चलत्चित्रातील दृश्ये तयार करणे हे याचे उत्तम उदाहरण होय. २० गिगाबाइटचे दृश्य चौथ्या पिढीच्या सोळा मार्गिकांवरून सुमारे ०.६ सेकंदात, तर चार मार्गिकांवरून सुमारे २.५ सेकंदात कार्डापर्यंत पोहोचते. पुढील गणितास दहा मिनिटे लागणार असतील, तर या दोन सेकंदांसाठी महागडा प्रोसेसर घेण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२२ पर्यंत ‘इथेरियम’ या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी असंख्य कार्डे केवळ एकेका मार्गिकेवर चालविली जात होती, तीही याच कारणाने.

दुसऱ्या प्रकारात मोठे भाषिक मॉडेल एका कार्डात मावत नाही, म्हणून त्याचे थर दोन कार्डांत विभागून ते वापरले जाते. येथे एका कार्डाकडून दुसऱ्याकडे केवळ मधला निष्कर्ष जातो. तो ८,१९२ संख्यांचा असून प्रत्येक संख्येस २ बाइट लागत असतील, तर दर शब्दखंडामागे जेमतेम १६ किलोबाइटची वाहतूक होते. अशा कामास थोड्या मार्गिकाही पुरतात. मात्र थरांऐवजी प्रत्येक थरातील गणितच दोन कार्डांत वाटले, तर थराथरास देवाणघेवाण करावी लागते आणि रस्त्याचे महत्त्व वाढते.

तिसरा प्रकार मॉडेलच्या प्रशिक्षणाचा. १०० कोटी घटकांचे मॉडेल दोन कार्डांवर प्रशिक्षित करताना प्रत्येक फेरीअखेर सुमारे २ गिगाबाइट माहितीची अदलाबदल होते, असे समजू. सोळा मार्गिकांवर यास सुमारे ०.०६ सेकंद, चार मार्गिकांवर ०.२५ सेकंद आणि एका मार्गिकेवर १ सेकंद लागेल. फेरीचे गणित २ सेकंदांचे असेल, तर चार मार्गिका चालू शकतील. ते पाव सेकंदाचे असेल, तर मात्र निम्मा वेळ वाहतुकीतच खर्ची पडेल.

ही देवाणघेवाण फारच मोठी असेल, तर मार्गिकाही अपुऱ्या ठरतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता. त्याच्या प्रत्येक घटकयंत्रातील आठ ग्राफिक्स प्रोसेसर परस्परांशी स्वतंत्र जोडणीने बांधलेले असून, प्रत्येकास दर सेकंदास ६०० गिगाबाइटचा मार्ग उपलब्ध आहे.

खरेदीपूर्वी

मागणीपत्र तयार करताना प्रथम कामाचे स्वरूप लिहून काढावे आणि मगच मार्गिकांचा आकडा ठरवावा. मदरबोर्डवरील खाच लांब दिसते म्हणून तिच्यात सोळा मार्गिका असतीलच असे नाही. कित्येकदा चारच जोडलेल्या असतात आणि त्याही साहाय्यक चिपमार्फत, डिस्क व नेटवर्क यांच्याशी वाटून घेतलेल्या. हा तपशील पुरवठादाराकडून लेखी घ्यावा. शक्य असल्यास आपलेच काम आधी एका आणि मग दोन कार्डांवर चालवून वेळ मोजावा. वेळ जवळजवळ निम्मा झाला, तर रस्ता पुरेसा आहे असे समजावे. तसे असल्यास वाचलेली रक्कम अधिक स्मृतीचे कार्ड, पुरेसा वीजपुरवठा आणि शीतकरण यांवर खर्च करणे हिताचे ठरेल. विद्यार्थ्यांच्या हाती अखेर आकडा नव्हे, तर चालणारे यंत्र पडावयाचे असते.