भिजलेली बॅटरी

(प्रस्तुत पाठ एका शिक्षकांच्या अनुभवावर आधारलेला आहे. पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी पुन्हा वापरावी की नाही, हे एका छोट्या प्रयोगातून विद्यार्थ्यांना कसे समजले, ते या पाठात सांगितले आहे.)

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल लोणारला गेली होती. लोणार हे आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. फार प्राचीन काळी येथील काळ्या खडकावर एक उल्का आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खोल खड्डा तयार झाला. त्या खड्ड्यात आज खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजल यांनी लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या फारसी ग्रंथातही लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण तयार करण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे त्यात सांगितले आहे. सरोवराच्या पाण्यातून मिळणारा खार पूर्वी काढून विकला जात असे.

नववीतील एक विद्यार्थी आपल्या मामूंचा डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. मामू लग्नसमारंभात फोटो काढतात. त्यावरच त्यांचे घर चालते. सरोवराच्या काठावर फोटो काढताना चिखलात त्या मुलाचा पाय घसरला आणि कॅमेरा पाण्यात पडला. दोन-तीन मिनिटे शोधल्यावर तो हाती लागला. मुलाचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर तो कोणाशीही बोलला नाही.

तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “सर, मी मामूंना अजून काही सांगितलेले नाही. बॅटरी तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली होती. आता ती अगदी कोरडी झाली आहे. शुक्रवारी एका लग्नाचे काम आहे. आज रात्री ती चार्जरला लावू का?”

मी विचारले, “चार्जर कुठे लावतोस?”

“पलंगाजवळ. आम्ही चौघे भाऊ-बहिणी तिथेच झोपतो.”

“मग मुळीच लावू नकोस, बेटा. शाळा सुटली की ती बॅटरी घरातून बाहेर काढ. ती गरम किंवा फुगलेली असेल, तर हात लावू नकोस. मोठ्या माणसांना बोलाव. थंड असेल तर वाळूने भरलेल्या मडक्यात ठेव आणि मडके अंगणात, भिंतीपासून आणि कडब्यापासून लांब ठेव. डब्यातले ते तांदूळही शिजवू नका.”

“पण सर, ती तर कोरडी आहे!”

त्याचे हे वाक्य माझ्या मनात राहिले. त्याच दिवशी विज्ञानाच्या तासाला मी दोन पेले टेबलावर ठेवले. एकात साठवलेले पावसाचे पाणी घेतले आणि दुसऱ्यात मिठाचे पाणी. टॉर्चचे चार सेल, एक छोटा एलईडी दिवा आणि तांब्याच्या दोन तारा घेतल्या. तारांची टोके पावसाच्या पाण्यात बुडवली, तेव्हा दिवा लागला नाही. तीच टोके मिठाच्या पाण्यात बुडवताच दिवा उजळला. तारेजवळ बुडबुडे येऊ लागले. थोड्या वेळाने एका तारेचे टोक हिरवट झाले. मुले टेबलाभोवती जमली.

मग मी मिठाचे थोडे पाणी एका ताटलीत ओतून उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी ताटलीत पाण्याचा थेंबही नव्हता. तळाशी पांढरा थर मात्र होता.

मी त्या मुलाला विचारले, “ताटली कोरडी आहे ना?”

“हो, सर.”

“मीठ गेले का?”

तो थोडा वेळ ताटलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नाही, सर. पाणी उडून गेले, मीठ राहिले.”

“तुझ्या बॅटरीतही असेच झाले असेल. तांदूळ बाहेरचा ओलावा घेईल, पण आत गेलेला खार काढू शकणार नाही. हवेतला दमटपणा लागला, की तोच खार पुन्हा वीज वाहून नेऊ लागतो आणि धातूला गंज चढवतो.”

आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी लहान असते, पण तिच्यात पुष्कळ ऊर्जा साठते. तिच्या धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो. आतील द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊ नये, म्हणून आत एक छोटे संरक्षक सर्किट बसवलेले असते.

खारे पाणी शिरले की हे सर्किट गंजू शकते. मग चार्जिंग वेळेवर थांबत नाही. कधी आतल्या आत दोन टोके जोडली जातात आणि बॅटरी तापू लागते. एकदा ती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली, की उष्णता आपोआप वाढत जाते. विषारी धूर निघतो आणि आग लागते. हे लगेच घडेल असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ‘इयान’ नावाचे चक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी वस्त्यांत शिरले. त्यात बुडालेल्या काही विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यानंतर पेटल्या. काहींना तर कित्येक दिवसांनी आग लागली. त्या मोटारींतही लिथियम-आयन बॅटऱ्याच होत्या.

एका मुलीने विचारले, “सर, मीटरने तपासून व्होल्टेज बरोबर आले तर?”

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, “मीटर आजचे व्होल्टेज सांगतो. आतला गंज तो दाखवत नाही. बॅटरीवर बाहेरून पावसाचे दोन थेंब पडले, तर पुसून कोरडी करता येते. पण जी लिथियम बॅटरी पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात बुडाली, ती पुन्हा चार्ज करू नये आणि वापरूही नये. तिला भोक पाडू नये, उघडू नये, चुलीजवळ वाळवू नये. फुगली, गरम झाली किंवा फसफस आवाज आला, तर सर्वांनी दूर जावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.”

“मग ती कचऱ्यात टाकायची का?”

“नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दबली, तर गाडीच पेटेल. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. आपल्या देशात २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे.”

त्या संध्याकाळी मुलाने धीर करून मामूंना सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी मामू स्वतः शाळेत आले. ते मला म्हणाले, “सर, कॅमेरा भिजला याचे दुःख आहेच. पण हा पोरगा माझ्या भीतीने रात्री गुपचूप चार्जर लावणार होता, हे ऐकून माझी झोप उडाली.” मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, नुकसान झाले तर आधी सांगत जा. मी रागावेन, पण तुम्ही चौघे सुखरूप राहाल.”

शुक्रवारच्या लग्नासाठी मामूंनी एका मित्राचा कॅमेरा मागून आणला. भिजलेला कॅमेरा दुरुस्तीला गेला. त्यातले कार्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, नीट वाळवून पाहिले, तेव्हा सहलीचे सगळे फोटो शाबूत निघाले. शेवटच्या फोटोत लोणारचे शांत सरोवर आहे आणि एका कोपऱ्यात चिखलात रुतलेला एक बूट दिसतो.

शब्दार्थ
उल्का – आकाशातून पडणारा दगड
खार, क्षार – पाणी आटल्यावर मागे उरणारा मिठासारखा पदार्थ
ज्वालाग्राही – लवकर पेट घेणारा
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे, गुरांचा चारा
शाबूत – न बिघडलेले, सुरक्षित

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅमेरा कुठे पडला?
(आ) मुलाने बॅटरी कशात ठेवली होती?
२. कारणे लिहा.
(अ) ताटली कोरडी झाली तरी तिच्यात पांढरा थर उरला.
(आ) भिजलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये.
३. मामूंच्या झोप उडण्याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.
४. ‘चेहरा उतरणे’, ‘धीर करणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरात बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करा. त्या कुठे चार्ज होतात, ते घरातील मोठ्या माणसांबरोबर पाहा.