काडीमोडीचा कागद आणि कायदा

उपासक-उपासिकांनो, आपण बौद्ध झालो तरी आपल्या विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. नाव हिंदूंचे असले तरी त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे.

काही ठिकाणी अजूनही पंचांसमोर स्टँपपेपरवर काडीमोड लिहून देतात. तशी जुनी रूढी न्यायालयात सिद्ध झाली तरच त्या कागदाला किंमत; आणि जातीची रूढी सोडून आलेल्यांनी पुन्हा तिचाच आधार शोधावा काय? त्या कागदावर विसंबून दुसरे लग्न केले आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर ते लग्न रद्दबातल ठरते. फिर्याद झाल्यास शिक्षाही होते. खरी फसगत होते ती दुसरीची. तिला पत्नीचा दर्जा नाही, वारसा नाही. तिची मुले मात्र कायद्याने औरसच.

दोघेही राजी असतील तर १९७६ पासून संमतीने घटस्फोट मिळतो. एक वर्ष वेगळे राहून दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा न्यायालयापुढे जावे. ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. एकच राजी असेल तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे टाकून देणे अशी कारणे शाबीत करावी लागतात.

भगिनींनो, २००३ पासून तुम्ही राहता तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. खटला चालू असतानाही पोटगी मागता येते. वकिलाच्या फीला भिऊ नका. स्त्रियांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय विचारा. जाताना लग्नाचा दाखला, तो नसेल तर फोटो आणि पत्रिका, बरोबर न्या.