लक्ष किलोमीटर चाललेली मोटारसायकल

नागपुरांत दाराशीं मोटारसायकल उभी नाहीं असें घर आज विरळा. वडिलांची नोकरी, घरचा बाजार आणि कित्येकांची शाळाहि तिच्यावरच अवलंबून असते. तिच्या मीटरचा आंकडा १,००,००० किलोमीटरांपलीकडे गेला, म्हणजे ‘आतां ही मोडींत काढावी काय?’ असा प्रश्न घरांत निघतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं झीज म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे.

प्रथम थोडें गणित करूं. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे या गाडीनें पृथ्वीस अडीच प्रदक्षिणा घातल्या. ताशीं सरासरी ४० किलोमीटर वेगानें इतक्या अंतरास २,५०० तास, म्हणजे १,५०,००० मिनिटें लागतात. इंजिनाचे मिनिटास ४,००० फेरे धरले, तर एकंदर ६० कोटि फेरे झाले! १९८५ सालच्या हिरो होंडा सी. डी. १०० पासून आपल्याकडे रूढ झालेल्या लहान चार-स्ट्रोक इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एकदां इंधन जळतें. तेव्हां सिलिंडरानें ३० कोटि धक्के सोसले. तरीहि यंत्र टिकतें, याचें कारण धातूच्या दोन पृष्ठभागांमधील तेलाचा पातळ थर होय.

झिजेच्या तीन अवस्था असतात. नव्या गाडीचे भाग एकमेकांशीं जुळतांना जरा अधिक झिजतात. म्हणून पहिलें तेल लवकर बदलतात. पुढें दीर्घकाळ झीज मंद असते. शेवटीं फटी वाढतात, तेलाचा थर टिकत नाहीं आणि झीज वेगानें होऊं लागते. मधली अवस्था लांबविणें हेंच निगेचें मर्म आहे.

आपल्या शहरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो. तेव्हां इंजिनांतील तेल अधिक तापून पातळ होतें. धूळहि फार उडते, आणि तिच्यांतील वाळूचे कण लोखंडाहून कठीण असतात. एअर फिल्टर फाटला, कीं ते सिलिंडरांत शिरून पिस्टनच्या रिंगा घासतात. मग तेल वर चढून जळतें व सायलेन्सरांतून निळसर धूर येतो. (काळा धूर ही पेट्रोल जास्त जात असल्याची खूण होय.) अल्प किंमतीचा फिल्टर वेळेवर न बदलल्यामुळें सिलिंडर बोअर करण्याचा मोठा खर्च अंगावर येतो.

चेनची गोष्ट अशीच. ‘चेन ताणली’ असें आपण म्हणतों. वस्तुतः तिच्या पिना झिजलेल्या असतात. १०० कड्यांपैकीं प्रत्येकींत एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तर चेन १० मिलिमीटर लांबते. अशी चेन स्प्रॉकेटचे दांते वांकडे करिते, आणि त्या दांत्यांवर घातलेली नवी चेनहि लवकर बिघडते. म्हणून चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावे.

ही हयगय खिशास भोंवते. ब्रेक आणि टायर यांची हयगय मात्र जिवावर बेतते. झीज हळूहळू होते आणि आपला पाय तिला नकळत सरावतो. आज ब्रेक किंचित् अधिक दाबावा लागतो, उद्यां त्याहून अधिक. आणि एके दिवशीं अचानक एखादें मूल आडवें येतें, तेव्हां तो दाब पुरत नाहीं.

तेव्हां निर्णय आंकड्यावरून नव्हे, गाडीच्या स्थितीवरून घ्यावा. चौकटीस तडा गेला असेल, अथवा गंजानें ती पोखरली असेल, तर मोह सोडावा. रिंगा, चेन, क्लच-प्लेटा व ब्रेक-शू हे भाग बदलतां येतात.

गिअरची मोटारसायकल चालविण्यास कायद्यानें वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. निगा राखण्यास वयाची अट नाहीं. एक वही घाला. तींत तारीख, किलोमीटर व केलेलें काम लिहा. दर शनिवारीं वडिलांबरोबर टायरमधील हवा, तेलाची पातळी, चेनचा ढिलेपणा व ब्रेक तपासा. पंधरा मिनिटांचें हें काम आहे. पण ज्या गाडीवर आपले आईवडील रोज बसतात, तिच्या बाबतींत कोणतेंहि काम क्षुल्लक नव्हे. लहान गोष्टींत विश्वासू राहण्याचा धडा शाळेंत आपण वारंवार ऐकतों. तो आचरण्याची जागा आपल्या दारांतच उभी आहे.